अनुभव धागा: शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये पोरगं नेमकं सापडतं कसं?

टेबल_नंबर_दोन

जूनचा दुसरा आठवडा. खिडकीपुढे दाखल्यासाठी रांग, मागून हेडसरांची आठवण, "त्या शिष्यवृत्तीच्या यादीचं काय झालं?" आणि समोर एक आजोबा: "नातीचं बोनाफाईड पायजे." आडनाव गोऱ्हे. टाइप केलं. 'नोंद आढळली नाही.' पुन्हा टाइप केलं. नाहीच. पोरगी आठवीत आहे, हजेरीवर आहे, रोज खिचडीच्या रांगेत उभी असते, आणि संगणकाच्या लेखी ती जन्मालाच आलेली नाही. शेवटी कपाटातून जनरल रजिस्टर, म्हणजे सगळ्या प्रवेशांची वही, काढलं, तिचा नंबर बघून तो टाकला, तर बाई हजर! नाव तेच, गोऱ्हे. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना.

फरक आत होता. हा 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, पायमोड, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. माझ्या आधीच्या बाईंचा कीबोर्ड एक, माझा दुसरा. तेव्हापासून असं आडनाव आलं की मी नुसतं 'गो' टाकतो आणि इयत्ता निवडतो. पाच-सात नावं येतात, त्यातून डोळ्यांनी उचलतो. (आडनाव बदलून लिहिलंय, अक्षर तेच ठेवलंय.)

अकरा वर्षं या खुर्चीवर बसून माझं मत असं झालंय की नावाने शोधणं हा शेवटचा उपाय. नाव कोणीही कसंही लिहितं, नंबर मात्र एकदा पडला की पडला. तुम्ही कसं शोधता ते सांगा. लिपिक, शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा. सॉफ्टवेअर कुठलं ते नको, त्याची जाहिरातही नको आणि त्याला शिव्याही नकोत. मुलांची खरी नावं तर अजिबात नकोत.

दोनशिक्षकी

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पट ३४. मला चौतीस लेकरं शोधायला यंत्र लागत नाही, व्हरांड्यातून हाक मारली की येतात. पण कागदाला लागतं ना! एका लेकराचे नंबर मोजा: आमचा रजिस्टर नंबर, राज्याच्या सरल पोर्टलचा १९ आकडी आयडी, केंद्राच्या यूडायस प्लस पोर्टलचा ११ आकडी पेन (विद्यार्थ्याचा कायमचा नंबर), १२ आकडी अपार (देशभरचा विद्यार्थी आयडी), आणि आधार. प्रत्येक ठिकाणी वेगळा मागतात, आणि मी दर वेळी वेगळ्या वहीत शोधायचो.

मग एक्सेलची एकच शीट केली. एका ओळीत एक लेकरू, पुढे सगळे नंबर. कंट्रोल एफ, नाव, एंटर, झालं. पण त्याआधी जी फजिती झाली ती सांगतो, कारण ती उद्या तुमचीही होईल.

सरलचे आयडी चिकटवले आणि तालुक्याला पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी फोन: "गुरुजी, तुमच्या पहिलीच्या सगळ्या पोरांचा आयडी एकच कसा?" बघतो तर खरंच. एक्सेल आकडा म्हणून फक्त पहिले १५ अंक धरतं, पुढच्यांची शून्यं करतं. या आयडीत आधी वर्ष, मग शाळेचा ११ आकडी यूडायस क्रमांक, आणि शेवटी चार अंकी क्रमांक. म्हणजे लेकराचं म्हणून जे काही होतं ते त्या शेवटच्या चार अंकांत, आणि नेमकं तेच गेलं! चूक माझीच, रकाना आधी 'टेक्स्ट' करून मग चिकटवायचं असतं. मागाहून टेक्स्ट केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत.

बरं, टेक्स्ट केल्यावरही गंमत संपत नाही. दुबार नोंदी बघायला काउंटइफ लावलं, तर त्यानं पुन्हा सगळेच दुबार ठरवले. ते सूत्र मजकुरालाही आकडा समजून पंधरावर थांबतं. सूत्रात शोधायच्या नंबरापुढे तारांकन जोडलं की मग ते मजकूर म्हणून नीट बघतं. हे कळायला मला एक दिवाळीची सुट्टी लागली.

अजून एक रकाना माझ्या पदरचा: 'सध्या कुठे'. दिवाळीनंतर आमची निम्मी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. शिक्षण हमी पत्रक देतो बरोबर, पण ते पत्रक कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) राहतं आणि तिकडच्या शाळेतून फोन येतो, "तुमचा कार्तिक आलाय, माहिती द्या." आमच्याकडे कार्तिक तीन. मी आधी विचारतो, बापाचं नाव काय आणि टोळीचा मुकादम कोण. मुकादमाच्या नावानं लेकरू सगळ्यात लवकर सापडतं. हा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

घाईत_आहे

यादी उघडली की पानावर दहाच नावं दिसतात, आणि कंट्रोल एफ फक्त समोरच्या पानात शोधतं. आधी वरच्या कोपऱ्यात दहाचं शंभर किंवा 'सर्व' करा, मग शोधा. तीन वर्षं मी पानं उलटत होते. एवढंच.

जुना_हेडक्लार्क

आमच्या वेळी संगणक नव्हता, पण शोध होताच. मी १९८० च्या दशकात लागलो तेव्हा पहिल्या हेडक्लार्कनी बनवलेली अकारविल्हे सूची हातात आली. लांब वही, कडेला अ, आ, इ अशी खाच पाडलेली. आडनाव, नाव, वडील, गाव आणि पुढे रजिस्टर नंबर. नव्या प्रवेशाची शाई वाळायच्या आत सूचीत नोंद, हा दंडक.

तिची खरी किंमत कळली ती जात पडताळणीच्या कामात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, त्यामुळे माणसं आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद शोधत येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मला निवृत्तीनंतर शाळेने बोलावून घेतलं. रजिस्टरं पान पान उलटली. काही फार जुनी मोडी लिपीत, ती वाचणारा माणूस आणावा लागला. पानं अशी, की बोट लावलं तर तुकडा हातात यावा.

तिथे शिकलेलं सांगतो. जुन्या नोंदीत आडनावावर भरवसा ठेवू नका. एकाच घरातला थोरला 'पाटील' म्हणून लागलाय, धाकटा मूळ आडनावाने, तिसऱ्याला आडनावच नाही, नुसतं बापाचं नाव. जन्मतारखेवर तर मुळीच नको. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. मी एकदा गंमत म्हणून १ जूनवाले मोजायला घेतले आणि चहा येईपर्यंत कंटाळून सोडून दिले. जुन्या माणसाला शोधायचं तर बापाचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष. या तीन गोष्टी जुळल्या की नोंद घरची.

आता आमच्याकडे त्या रजिस्टरांचे फोटो काढलेत. पोरांनी फाइलींना कॅमेऱ्याने दिलेलीच नावं ठेवली होती, मी बसून बदलून घेतली: वर्ष, मग पहिला नंबर, मग शेवटचा नंबर. कोणी १९५६ चा नंबर ४७३ मागितला की फाइल डोळे मिटून उघडते. आत शोधता येत नाही, पण पान तरी सापडतं.

लेक_माहेरवाशीण

क्लार्कदादा, आमची बाजूही ऐका. आईच्या दाखल्याची दुय्यम प्रत काढायला गेले. नाव सांगितलं, त्यांनी शोधलं, नाही. दोन हेलपाटे झाले. तिसऱ्या वेळी शिपाईमामांनी विचारलं, "ताई, हे नाव सासरचं का माहेरचं?" मी सासरचं सांगत होते! सदुसष्ट वर्षांची माझी आई, तिचं माहेरचं नाव पटकन माझ्या तोंडातच येत नाही.

फोनपट्टी

मी शाळांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट पाहतो, अमरावतीकडचा. इकडं जनरल रजिस्टरले दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. तर भाऊ, 'रेकॉर्ड उडालं' म्हणून जे फोन येतात त्यातले बहुतेक उडालेले नसतातच. वरती शैक्षणिक वर्ष मागचं राहून गेलेलं असतं, नाहीतर 'फक्त चालू विद्यार्थी' वर खूण असते आणि पोरगा दाखला घेऊन गेलेला असतो. मी फोन उचलला की पहिलं हेच विचारतो, मग नमस्कार.

दुसरं, कमी टाइप करा. लोक पूर्ण नाव टाकतात, शुद्धलेखनासकट. 'वैष्णवी' इंग्रजीत किती तऱ्हेनं लिहितात ते मोजा एकदा! मधली चार अक्षरं टाकली तर जास्त सापडते. नाव दुसरीकडून कॉपी करून चिकटवत असाल तर पुढंमागं रिकामी जागा येते, तीही शोध बिघडवते. आणि १ मे २०१४ नंतर जन्मलेल्यांचं नाव आता मूल, आई, वडील, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे, त्यामुळं मधलं नाव बापाचंच असंल हे धरून चालू नका.

जुना डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये भरलेला असंल तर मराठी टाइप करून तो सापडणारच नाही. दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं. तो एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं तपासा, तिथंच मार खाते.

रविवारची_शाळा_न्यूजर्सी

आमच्या मराठी शाळेत पन्नासेक मुलं, त्यात आरव चार, आणि इंग्रजी स्पेलिंग चौघांचं चार तऱ्हेचं. आम्ही नावाच्या वाटेलाच जात नाही. पालकाच्या फोनचे शेवटचे चार अंक, की मूल समोर.

दोनशिक्षकी

ताई, आमच्याकडे फोन नंबर रिचार्जच्या ऑफरप्रमाणे बदलतो. मागच्या वर्षीच्या नंबरावर लावला तर परभणीचा कोणी किराणावाला बोलतो. आता तो ओळखीचा झालाय.

घाईत_आहे

दोनशिक्षकी सर, ती शीट तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकत नाही ना? आमच्या केंद्रात एकांनी आधारसकट टाकली होती, दोन वर्षं तशीच पडून आहे. शोधायला आधारचे शेवटचे चार अंक पुरतात, बाकीचे शीटमध्ये ठेवायचेच कशाला?

दोनशिक्षकी

मॅडम, टाकली होती. काढली आत्ताच. ग्रुपवरून जाते, लोकांच्या फोनमधून कशी जाईल ते बघतोय.

टेबल_नंबर_दोन

फोनपट्टी, तुमचं वाचून शाळा सुटल्यावर बसलो. सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवली, न दिसणाऱ्या चिन्हाचा तो 'र्‍' एका नोंदीतून कॉपी करून 'शोधा आणि बदला'मध्ये चिकटवला आणि त्याजागी टिंबाचा ऱ पायमोडीसह घातला. एकोणीस नोंदी बदलल्या. एकोणीस पोरं इतकी वर्षं लपून बसली होती. सॉफ्टवेअरमध्ये त्या एकेक उघडून हाताने दुरुस्त कराव्या लागल्या, साडेसात वाजले. जुन्या हेडक्लार्कसाहेबांची अकारविल्हे वहीही सुरू करतोय, लाइट गेल्यावर तीच कामी येईल.

बोनाफाईडवर रजिस्टर नंबर मी आता लाल पेनने मोठा लिहून देतो आणि वर सांगतो, पुढच्या वेळी हा आणा. काल तेच आजोबा पुन्हा आले, आता बसच्या पाससाठी. म्हटलं, आजोबा, नाव नको, नंबर सांगा. त्यांनी खिशातून माझंच बोनाफाईड काढलं. चार घड्या घातलेलं, घामाने भिजलेलं, आणि घडी बरोबर लाल नंबरावरून गेलेली.

'गो' टाकलं, आठवी निवडली.