स्विंग नृत्याचा वर्ग लावायचा आहे : लिंडी हॉपपासून सुरुवात करावी का?

जर्सीकर

नमस्कार. माझे वय ४३ असून गेली नऊ वर्षे मी जर्सी सिटीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या आवारात उघड्यावर एक जॅझ वाद्यवृंद वाजत होता आणि त्यापुढे विशीतल्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या जोडप्यांपर्यंत कितीतरी माणसे नाचत होती. शाळेतले लेझीम आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या उड्या यांपलीकडे ज्याने आयुष्यात पाय हलवलेला नाही, अशा माणसाला तासभर कठड्याशी उभे राहून पाहत राहावेसे वाटले, म्हणजे त्यात काहीतरी असले पाहिजे.

वर्गांची चौकशी केली तेव्हा लिंडी हॉप, ईस्ट कोस्ट स्विंग, वेस्ट कोस्ट स्विंग, बॅल्बोआ अशी इतकी नावे समोर आली, की नवख्या माणसाने कुठला दरवाजा ठोठवावा हेच कळेना. शेवटी एका ठिकाणी नमुन्याचा एक तास करून आलो. तिथे खरी अडचण निराळीच निघाली. लहानपणी मी चार वर्षे तबला शिकलो आहे, त्यामुळे तालाची तरी भीती नव्हती. पण शिक्षक कधी सहापर्यंत मोजतात तर कधी आठपर्यंत, संगीत मात्र स्पष्टपणे आठांचे असते. शिवाय टाळ्या सगळे दोन आणि चारवर देतात, आणि माझा हात सवयीने समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडतो. तासाच्या शेवटी मी इतका गोंधळलो होतो, की तबला आला नसता तर बरे झाले असते असे वाटले.

पत्नीलाही शिकण्याची इच्छा आहे, परंतु वर्गात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतात हे ऐकून ती जरा बिचकली आहे. माझा उजवा गुडघाही अधूनमधून कुरकुरतो. यातून गेलेल्या कुणी मार्गदर्शन केले तर आभारी राहीन.

ठेकेदार

तबला आला नसता तर बरे झाले असते हे विधान आपण मागे घ्यावे अशी विनंती करून सहा-आठाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण मीही त्याच खड्ड्यात पडलो होतो.

आठ मात्रांचा वाक्यांश म्हणजे हार्मोनियमवर चाललेला लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी ठरावीक धून, आहे असे समजा. तो बदलत नाही. सहा मात्रांचे पदन्यास म्हणजे त्या लेहऱ्यावर आपण वाजवलेला सहा मात्रांचा तुकडा. पहिला तुकडा एकवर सुरू झाला तर दुसरा सातवर सुरू होतो, तिसरा पुढच्या आवर्तनाच्या पाचवर, चौथा त्यापुढच्या तीनवर, आणि २४ मात्रा पूर्ण झाल्या की आपण पुन्हा एकवर हजर होतो. चार सहा म्हणजे तीन आठ, एवढाच हिशोब. तुकडा कुठेही सुरू होवो, तो विषम मात्रेवरच सुरू होतो. म्हणून कानाला तो बेताल वाटत नाही, आणि ज्याने तालाचे आवर्तन कधी मोजलेले नाही त्याला तर यात काही विचित्र आहे हेसुद्धा जाणवत नाही. गोंधळ फक्त आपल्यासारख्यांचा होतो, कारण प्रत्येक तुकड्याने समेवर यावे ही आपली अपेक्षा असते. इथे ती अपेक्षा सोडायची. निष्णात नर्तक सहाचे आणि आठाचे तुकडे मिसळून संगीतातल्या वळणावर नेमके उतरतात, तेव्हा मात्र आपल्यालाच सर्वांत जास्त आनंद होतो.

पायांचे बोल सांगायचे तर सहाच्या प्रकारात एक-दोनवर ‘रॉक स्टेप’, म्हणजे मागे पाऊल आणि पुन्हा जागेवर, मग तीन-चारवर एक आणि पाच-सहावर एक असे दोन ‘ट्रिपल स्टेप’. ट्रिपल स्टेप म्हणजे दोन मात्रांत तीन पावले. आठाच्या प्रकारात एक-दोनवर साधी पावले, तीन-चारवर ट्रिपल, पाच-सहावर पुन्हा साधी आणि सात-आठवर ट्रिपल. लिंडी हॉपचा आत्मा मानला जाणारा ‘स्विंग आउट’, म्हणजे जोडीदाराला जवळ घेऊन फिरवत पुन्हा हातभर दूर सोडण्याची हालचाल, याच आठावर बसतो.

आता ट्रिपलची तीन पावले समान अंतराने टाकली, तर नाच कवायतीसारखा दिसतो. स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. मात्रेची तिस्र जाती करा, म्हणजे तिचे तीन समान भाग पाडा, तीन ठोक्यांपैकी मधला मुका ठेवा, आणि जो डौल उरतो तोच साधारण हा डौल. लय फार वाढली की तो आपोआप सपाट होत जातो, म्हणूनही आरंभी मध्यम लय बरी. मिनिटाला १२० ते १४० मात्रांची काउंट बेसी किंवा ड्यूक एलिंग्टन या जॅझ वाद्यवृंदप्रमुखांची ध्वनिमुद्रणे लावून घरात नुसते चालावे आणि टाळी दोन-चारवर द्यावी. पंधरा दिवसांत हाताची जुनी सवय नमते. मैफलीतल्या नाचात दोनशेच्या पुढची लयही येईल. त्या वेळी खुशाल बसून पाणी प्यावे.

जुना_वाचक

नावांच्या जंजाळाबद्दल लिहितो.

आपण लिंकन सेंटरला जे पाहिले ते बहुतांशी लिंडी हॉप असणार, आणि आपण तर त्याच्या जन्मस्थळापासून एका रेल्वेप्रवासाच्या अंतरावर राहता. मॅनहॅटनच्या हार्लेम भागात लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, १४० आणि १४१ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडली. तिथे दोन व्यासपीठे होती. एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू होई, त्यामुळे संगीतात खंड पडत नसे. ज्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक नाचघरांत काळ्या माणसांना प्रवेश नव्हता किंवा त्यांना वेगळे ठेवले जाई, त्या काळात इथे काळे आणि गोरे एकाच लाकडी फरशीवर नाचत. कोणत्या रंगाचा माणूस आला याहून त्याला नाचता येते का, याची चौकशी अधिक होत असे. चार्ल्‌स लिंडबर्ग या वैमानिकाने १९२७ साली अटलांटिक ओलांडला, आणि त्या उड्डाणावरून जॉर्ज स्नोडेन या नर्तकाने या नाचाला लिंडी हे नाव दिले, अशी कथा सांगितली जाते. १९५८ साली सॅव्हॉय बंद झाली आणि पुढे ती इमारत पाडली गेली. आता तिथे एक स्मृतिफलक तेवढा आहे. वर्ग लावण्यापूर्वी एकदा जाऊन यावे, असे मी सुचवीन. हा काळ्या अमेरिकन समाजाने घडवलेला नाच आहे हे ठाऊक असले, की शिकताना त्याची चेष्टेची नक्कल होत नाही.

ईस्ट कोस्ट स्विंग म्हणजे नृत्यशाळांनी याच नाचातून शिकवण्यासाठी सोपा करून घेतलेला सहाचा प्रकार. एखाद्या लग्नात वेळ मारून नेण्यापुरता तो दोन-तीन तासांत येतो. वेस्ट कोस्ट स्विंग याच घराण्यातला असला तरी संसार वेगळा थाटून बसला आहे: तो एका सरळ पट्ट्यात नाचतात, आणि संगीतही बहुधा ब्लूज किंवा आजचे पॉप असते. बॅल्बोआ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गजबजलेल्या नाचघरांत वाढला. जागाच नसल्यामुळे जवळ उभे राहून, जलद लयीवर, अगदी छोट्या पावलांनी नाचायचा. आपल्याला ज्याने कठड्याशी खिळवून ठेवले तेच शिकावे. ‘आधी सोपे ईस्ट कोस्ट, मग लिंडी’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. सहाची सवय एकदा हाडात मुरली की आठाचे स्विंग आउट सहा महिने अंगाला लागत नाही.

वयाचे म्हणाल तर फ्रँकी मॅनिंग यांचे उदाहरण पुरे. १९१४ साली जन्मलेले, सॅव्हॉयच्या तरुण पिढीतले अग्रणी, आणि १९३५ साली जोडीदारणीला पाठीवरून उलटे फिरवून हवेतली पहिली कसरत करून दाखवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते. स्विंगचे दिवस मावळल्यावर त्यांनी सुमारे तीस वर्षे टपाल खात्यात नोकरी केली. १९८६ साली दोन तरुण नर्तक त्यांचा शोध घेत आले, तेव्हा ते बाहत्तरीत होते. त्यानंतर नव्वदी ओलांडेपर्यंत ते जगभर शिकवत राहिले. त्यांच्या जन्मदिवशी, २६ मे रोजी, जागतिक लिंडी हॉप दिन पाळतात. त्रेचाळीस हे काही उशिराचे वय नव्हे.

जाता जाता आणखी एक. ही लय मराठी कानाला अगदीच परकी नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या सहवासात आणि त्यांचे ऐकून गोव्याचे वादक तयार झाले, आणि तेच पुढे सी. रामचंद्र यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत बसले. आपण लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या कितीतरी गाण्यांत ट्रम्पेट याच डौलात बोलते.

मृदुगंध

मी लिहिते आहे ते मुख्यतः जर्सीकरांच्या पत्नीसाठी. माझी सुरुवातीची अवस्था त्यांच्यासारखीच होती.

जोडीदार बदलणे आरंभी अवघड वाटते हे मान्य, पण शिकण्याच्या दृष्टीने त्याला पर्याय नाही. दोघेच कायम एकत्र नाचलात तर एकमेकांच्या चुका सांभाळून घेण्याची सवय लागते, आणि तिसऱ्याच कुणाबरोबर नाचायची वेळ आली की काहीच जुळत नाही. वर्गात एकेका व्यक्तीबरोबर दोन-तीन मिनिटेच असतात, नाव सांगायचे, सराव करायचा, धन्यवाद म्हणून पुढे सरकायचे. तरीही ज्यांना बदलायचे नसेल ते बहुतेक वर्गांत वर्तुळाबाहेर उभे राहू शकतात; शिक्षकांना आधी सांगून ठेवावे. एखाद्याचा स्पर्श खटकला तर तेही निःसंकोच शिक्षकांच्या कानावर घालावे. नाचाच्या संध्याकाळी कुणी विचारले आणि इच्छा नसली, तर ‘नको, धन्यवाद’ एवढे पुरते. कारण द्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. नवखे पुरुष हाताने ओढतात आणि नवख्या बायका हात तरी लोखंडासारखा ताठ ठेवतात नाहीतर ओल्या कपड्यासारखा लोंबता. आपण फुगडी घातलेली असेल तर हे लवकर कळेल. फुगडीत ओढ दंडातून येत नाही, दोघींनी आपापला भार मागे तोलल्यामुळे ती हातांत उतरते. स्विंग आउटमध्ये तीच ओढ अतिशय सौम्यपणे, क्षणभरच येते. फरक इतकाच, की समोरच्याने हात सोडला तरी आपण पडता कामा नये. गुडघे किंचित सैल, भार चवड्यांवर, आणि प्रत्येक मात्रेला अंगात जमिनीकडे जाणारा एक लहानसा हेलकावा. पुढची हालचाल काय असेल याचा अंदाज बांधून आधीच निघून जाणे हा माझा दोष होता, आणि तो जायला वर्ष लागले. लीडर (हालचाल सुचवणारा) पुरुषानेच आणि फॉलोअर (ती ओळखून साथ देणारा) बाईनेच व्हावे असाही नियम आता उरलेला नाही. मी दोन्ही शिकते आहे.

काही बारीकसारीक पण महत्त्वाचे. लांब मंगळसूत्र आत खोचावे किंवा घरी ठेवावे. माझे एकदा समोरच्या गृहस्थांच्या शर्टाच्या बटणात अडकले आणि आम्ही दोघे अर्धे गाणे तसेच उभे होतो. बांगड्या आणि टोकदार अंगठ्या काढाव्यात, ओढणी नकोच. घाम भरपूर येतो, त्यामुळे छोटा टॉवेल आणि एक जास्तीचा शर्ट न्यावा. आणि वर्गावरून परतताना गाडीत एकमेकांच्या चुका काढू नयेत. आम्ही हा नियम तिसऱ्या आठवड्यात केला, तोही पहिले दोन आठवडे जेवणे अबोल झाल्यावर.

गुडघेदुखी

गुडघ्याबद्दल थोडक्यात. धावण्याचे बूट घालून जाऊ नका. त्यांचा रबरी तळ फरशीला धरून ठेवतो, वरचे शरीर गिरकी घेते, आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. गुळगुळीत चामड्याचा तळ असलेले, टाच धरून ठेवणारे सपाट बूट उत्तम; नवीन खरेदी करण्यापूर्वी कपाटातले जुने ऑफिसचे बूट वापरून पाहा. फार घसरत असतील तर चांभाराकडून स्वेडचा (मऊ, लवदार चामड्याचा) तळ लावून घेता येतो, मात्र तो पावसात भिजवायचा नाही. पावले लहान टाका, उड्या टाळा. दुखणे जुने असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

जर्सीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच आठवड्यांचा लिंडी हॉपचा प्राथमिक वर्ग लावला. काल तिसरा तास झाला. ठेकेदार यांचा २४ मात्रांचा हिशोब कागदावर मांडून पाहिला आणि डोक्यातली गाठ सुटली, मात्र पायांतली अजून पुरती सुटलेली नाही. पत्नी पहिल्या तासाला वर्तुळाबाहेर उभी होती, दुसऱ्या तासाला स्वतःहून आत गेली, आणि आता तिचे ट्रिपल स्टेप माझ्यापेक्षा चांगले पडतात, हे तिने नव्हे, शिक्षकांनी सांगितले.

आता एकच शंका. शिक्षक म्हणतात की या शुक्रवारी नाचाच्या संध्याकाळी या. मला एकूण चार हालचाली येतात. वर्ग पूर्ण झाल्यावरच जावे हे बरे नव्हे का?

मृदुगंध

याच शुक्रवारी जा. पुष्कळ ठिकाणी मुख्य नाचापूर्वी नवख्यांसाठी एक छोटा पाठ असतो आणि तो प्रवेशशुल्कातच धरलेला असतो; तो चुकवू नका, कारण त्या पाठातली माणसे पुढे रात्रभर तुमच्याइतकीच नवखी असतात. चार हालचाली तीन मिनिटांच्या गाण्याला पुरतात. एकाच व्यक्तीबरोबर एक किंवा दोन गाणी नाचून आभार मानावेत, चुकलात तर हसावे, आणि समोरच्याने न विचारता त्याला शिकवायला जाऊ नये. मध्येच सगळे एका रांगेत उभे राहून जोडीदाराविना एकच नाच करू लागले तर घाबरू नका; तो ‘शिम शॅम’. मागच्या रांगेत उभे राहून पुढच्यांचे पाय पाहत राहा.