दिवाळी अंकात लिहिणारी आपल्याकडची माणसं – अनुभव सांगा (सांगली-सातारा)

कृष्णाकाठची
माळा आवरायला घेतला होता, त्यात १९८७ चा एक दिवाळी अंक सापडला. सांगलीतूनच निघायचा, आता बंद झालाय. वडील त्या अंकाच्या प्रेसमध्ये कंपोझिटर होते, म्हणजे छपाईसाठी शिशाचे खिळे (एकेका अक्षराचे ठसे) जुळवणारे. शेवटी 'या अंकाचे लेखक' म्हणून एक पान आहे, तेच वाचत बसले आणि माळा तसाच राहिला. एकेका ओळीत नाव, काय करतात, पत्ता. कथा लिहिणारे एसटी कंडक्टर, तासगाव डेपो. ललित लिहिणारे मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. कवितावाल्या बाई मिरजेत स्टाफ नर्स. एकांचा पत्ता नुसताच 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालाचा. कॉलेजातले प्राध्यापकही आहेत, पण वर्णानुक्रमाने मध्येच कुठेतरी, सगळ्यांसारखे.

बाबा सांगायचे, ते कंडक्टर प्रूफ बघायला स्वतः यायचे, दोन फेऱ्यांच्या मधे, खांद्याला चामडी बॅग आणि हातात तिकिटांचा ट्रे तसाच. ट्रे खिळ्यांच्या केसवर ठेवायचे आणि उभ्या उभ्या वाचायचे. बाबा सातवी शिकलेले, पण छापून यायच्या आधी प्रत्येक कथा त्यांनी वाचलेली असायची, तीही उलटी, एकेक खिळा लावत. कुठलं वाक्य बसलंय नि कुठलं नाही हे त्यांना बोटांनी कळायचं असं म्हणायचे. मला मनापासून वाटतं की मराठी वाङ्मय या लोकांनी जिवंत ठेवलं, आणि त्यांची नावं कुठल्याच इतिहासात येत नाहीत. तुमच्या घरात, गल्लीत असं कोण होतं? असेल तर लिहा, दोन ओळी लिहा पण लिहा.

वारणेचा पोर
मामा कंडक्टर!! इस्लामपूर डेपो. मुक्कामी गाडी असली की रात्री गाव झोपलं की लिहायचे, ड्रायव्हर मागच्या सीटवर घोरतोय आणि हे पुढं बॅटरी लावून. वे बिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) आधी पुरं करायचं, पैशाचा हिशोब जुळवायचा, मगच वही काढायची हा नेम. गोष्टीत सगळी प्यासेंजर मंडळी, बाजाराला कोंबड्या घेऊन जाणारी म्हातारी, माहेरास्नं परत निघालेली पोरगी. आई म्हणते त्यातली निम्मी माणसं गावातले लोक वळकायचे

साताराकर_७२
५६ एपीओ वाचलं आणि थांबलोच. आमच्या चुलत्यांचा पत्ता वर्षानुवर्षं तोच होता, ते कुठं आहेत ते घरी माहीत नसायचं, फक्त ५६ एपीओ. ते लिहायचे नाहीत पण त्यांच्या पलटणीतला एक जण लिहायचा, सुट्टीवर आले की अंक दाखवायचे. आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी. अपशिंगे मिलिटरीला गेला असाल तर तिथं पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण जपलीय, एका गावातले ४६. एवढी पत्रं लिहिणारा जिल्हा, कथा का नाही लिहिणार.

हळदीचं_पेव
दिवाणजी वाचून भरून आलं. आजोबा तेच काम करायचे. दिवसभर सौदे लिहायचे आणि संध्याकाळी त्याच बोरूसारख्या अक्षरात कविता. हरिपूरला पेवं होती तेव्हा, जमिनीखाली हळद ठेवायची, पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे हवा आहे का ते. आजोबांनी त्याच्यावर लिहिलं होतं. हरिपूर म्हणजे देवलांचं गाव, गोविंद बल्लाळ देवल, त्याचा त्यांना फार अभिमान. २००५ च्या पुरात पेवंही गेली बरीचशी आणि आमच्या घरातले अंकही. २०१९ ला तर उरलेलं पण गेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं राहून पाणी बघताना मला कपाटातल्या अंकांचीच आठवण येत होती, फ्रिज टीव्हीची नाही

गावभागवाली
@हळदीचं_पेव अरे रे. आमचं पण तसंच. आठवडाभर चिखल काढत होतो. आजोबांचं एखादं तरी पान मिळालं का?

हळदीचं_पेव
एक वही वरच्या फळीवर होती ती बचावली ताई. शाई पसरलीय पण वाचता येतं.

बेदाणा
मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षबाग आहे आणि मी लिहितो. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. खरडछाटणी एप्रिलात, फळछाटणी सप्टेंबर ऑक्टोबरला, आणि दिवाळी अंकाचं साहित्य मागतात जून जुलैला, म्हणजे बरोबर मधल्या दिवसात, तेव्हा फवारण्या असतात पण मजुरांच्या मागे पळावं लागत नाही, म्हणून मी लेखक झालो असं मला खरंच वाटतं. मुदत डिसेंबरात असती तर एक ओळ लिहिली नसती. आमच्याकडं साखर कारखान्यात स्लिपबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) असलेला मित्र आहे तो पण बंद हंगामातच लिहितो, गाळप चालू झालं की पाच महिने गायब. अंक हातात येतो तेव्हा मी बागेत डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) तयारीत, घरी येऊन हात साबणाने घासल्याशिवाय अंकाला हात लावत नाही.

वाटेगावचा
वाळवा तालुक्यात हा विषय निघाला आणि अण्णाभाऊंचं नाव नाही असं होणार नाही. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, शाळा जवळजवळ नाहीच, बापाबरोबर चालत मुंबई, गिरणीत काम. लेखकाची ओळख म्हणून आणखी काय पाहिजे. आटपाडीचे शंकरराव खरातही बघा, तिथनं निघून वकील झाले, कुलगुरू झाले. माणदेशानं पाऊस नाही दिला पण लेखक दिले.

राजवाडा_चौपाटी
रविवारी साताऱ्याहून सांगलीला कोण येतंय का? एक पार्सल आहे, कंदी पेढे पण पाठवते 😊

साताराकर_७२
@राजवाडा_चौपाटी मी येतोय, पोवई नाक्यावर सकाळी ८ ला.

नाईट_ड्युटी
मी नर्सच आहे. सांगलीतच. आत्ता ब्रेकमध्ये लिहितेय. पहाटे ३ च्या राउंडनंतर वॉर्ड शांत असतो, नातेवाईक पण खुर्चीत झोपलेले, तेव्हा सुचतं. इंजेक्शनच्या खोक्याची आतली बाजू पांढरी असते, त्याच्यावर लिहायचे, आता मोबाईलवर. मागच्या वर्षी पहिली कविता आली. संपादकांनी फोन करून विचारलं परिचयात काय लिहू, मी म्हटलं परिचारिका लिहा. १९८७ मध्ये मिरजेत कुणीतरी हेच लिहिलं होतं हे आज कळलं, खूप बरं वाटतंय. त्या बाईंच्या कवितेचा फोटो टाकाल का प्लीज

शिवणक्लास
तुझं बरंय गं. मी शिवणाचे क्लास घेते, तीस वर्षं घर त्याच्यावर चाललंय, परिचयात तसं स्पष्ट लिहून दिलं होतं. छापून आलं 'गृहिणी'. अंकाचं नाव नको. फोन केला तर म्हणाले वहिनी तेच जास्त शोभतं. राग अजून आहे. कथा शिवणाऱ्या बाईची होती!

गावभागवाली
@शिवणक्लास हे फारच झालं. पुढच्या वेळी कथेतच लिहा वरती ठळक अक्षरात.

औदुंबरचा_पाहुणा
ही सगळी माणसं एकत्र बघायची असतील तर संक्रांतीला औदुंबरला या. सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन, इतकी वर्षं चालू आहे. मोठा साहित्यिक अध्यक्ष असतो आणि ऐकायला आसपासच्या गावांतले शेतकरी, मास्तर, पोरंबाळं. माझ्या शेजारी एकदा पलूसचे एक दूध संघातले गृहस्थ बसलेले, कार्यक्रम संपल्यावर खिशातनं घडी केलेला कागद काढला आणि वाचू का म्हणाले. वाचली. काय कविता होती!

बेदाणा
औदुंबरला यंदा जाऊया का सगळे, तिळगूळ मी आणतो आणि बेदाणे पण

वारणेचा पोर
मी येणार. मामांना पण आणतो, रिटायर झालेत, गुडघे दुखतात पण गाडी म्हटलं की तयार 😄

मुद्रितशोधक
@कृष्णाकाठची जुना अंक सपाट करून स्कॅनरवर दाबू नका, पिना गंजलेल्या असतात, पान फाटतं. मोबाईलने वरून फोटो काढा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, त्याची आम्लता लागते, जुन्या सुती साडीत ठेवा.

कृष्णाकाठची
धन्यवाद सगळ्यांना, डोळे भरून आले वाचून. @नाईट_ड्युटी कविता उद्या दुपारी टाकते. परिचयाचं पान पण टाकते पण पत्ते झाकून, काही जण असतील अजून, त्यांना किंवा मुलांना विचारल्याशिवाय नको. तासगाव डेपोत कुणी ओळखीचं असेल तर मला कळवा, त्या कंडक्टर काकांचा पत्ता लागला तर अंकाची एक प्रत त्यांच्या घरी पोचवायची आहे.