बी.एड.ची फी भरायच्या आधी

(ग्रुप: येळ्ळूरचं घर)

छकुली: आत्या, बी.एड.ची फी सोमवारपर्यंत भरायची आहे. बी.ए. इतिहास झालंच आहे. दोन वर्षांत बी.एड. झालं की आपल्या बेळगावकडच्या मराठी शाळेत लागेन ना?

निपाणीचे काका: भर की. मास्तरकीसारखी नोकरी नाही.

पुण्याचा दादा: काका, थांबा जरा. छकुली, कुठल्या वर्गांना शिकवायचंय तुला? पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. हा प्राथमिक शिक्षकांचा पदविका कोर्स लागतो. 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिलाय.

छकुली: मला तर लहान मुलांनाच शिकवायचं होतं 😟

खानापूरची आत्या: बाळ, आत्ताच दळण घेऊन आले. नीट वाच.

फी भरायच्या आधी शाळा बघून ये. मी पंचवीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या शाळांत काढली. जागा रिकामी आहे म्हणून माणूस मिळतोच असं नाही, हे डोळ्यांनी बघितलंय. जांबोटीकडच्या वाड्यांत एकेका शाळेत पहिलीला चार-पाचच पोरं. कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून तिसरा. म्हणजे पट घटला की जागाही जाते. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा काय असेल, ते आजच्या पहिलीच्या पटावर ठरणार. म्हणून रिकाम्या जागांसोबत पहिली-दुसरीची पोरं मोज.

निपाणीचे काका: हे कुठं कळणार पोरीला?

खानापूरची आत्या: यूडायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या साइटवर, प्रत्येक शाळेचं माध्यम, पट, शिक्षक सगळं दिसतं. येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड, एवढ्यांची वही कर. मग त्या क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, सीआरपींना भेट. गटातल्या शाळांवर लक्ष ठेवणारे खात्याचे शिक्षक ते. साठीला कोण आलंय, कोणाची बदली झालीय, अतिथी शिक्षकावर कुठला वर्ग चालूलालाय, हे त्यांना ठाऊक असतं. बेळगाव आणि चिक्कोडी हे शिक्षण खात्याचे वेगळे जिल्हे आहेत, म्हणून निपाणीची चौकशी बेळगावात करत बसू नको.

आणि कन्नड. यावर माझं स्पष्ट मत आहे. शाळा मराठी असली तरी पत्रं, परिपत्रकं, मीटिंग सगळं कन्नडमध्ये. शाळेत विषय होता म्हणून चालणार नाही, चार ओळींचा अर्ज तुला स्वतः लिहिता यायला हवा. मला सुरुवातीला येत नव्हता. प्रत्येक अर्जासाठी दुसऱ्याच्या दारात उभी राहायची. ते तुझ्या वाट्याला येऊ नये.

छकुली: आणि टीईटी, ती शिक्षक पात्रता परीक्षा?

पुण्याचा दादा: कर्नाटकाची द्यावी लागेल. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. दोन्ही 150 मार्कांचे, खुल्या गटाला 60 टक्के म्हणजे 90 हवेत. बी.एड. केलंस तर इतिहासामुळे तुझा पेपर दोन, समाजविज्ञानाचा. चंदगड-गडहिंग्लजकडे जायचं असेल तर महाराष्ट्राची टीईटी, वर टेट ही भरतीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, म्हणजे तिकडची शिक्षक भरतीची साइट. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्यांना 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देऊन तिकडं अर्ज करता येतो. येळ्ळूर त्यात आहेच. मात्र जाहिरात आली की त्यातली अट स्वतः वाच, माझ्या भरवशावर राहू नको.

शहापूरची काकू: खासगी इंग्लिश शाळेत लागलेली आमच्या गल्लीतली मुलगी म्हणते, बी.एड. असूनही पगार हातात फार थोडा. ती लग्नाआधीच कंटाळलीय. तिच्याशी बोलायला लावते.

खानापूरची आत्या: बोलच तिच्याशी. आणि पगार विचारायला लाजू नको.

छकुली: आत्या, मग सोमवारी फी भरू नको म्हणतेस?

खानापूरची आत्या: भरू नको म्हणत नाही. लहानांनाच शिकवायचं असेल तर ही फी चुकीच्या कोर्सची आहे, एवढं आधी ठरव. शनिवारी सकाळची शाळा असते. आठच्या आत माझ्याकडं ये. दोन शाळांत तुला वर्गात बसवते, पहिलीच्या पोरांबरोबर.

निपाणीचे काका: माझ्याही ओळखीचे एक सीआरपी आहेत. आजच विचारतो.

छकुली: येते आत्या. वही घेऊन येते.

खानापूरची आत्या: ये. जेवायला इथंच थांब.