मदत हवी आहे: फायररेडमध्ये सगळी टीम एकसारखी लेव्हल कशी करायची?

मंडळी, पोकेमॉन फायररेड खेळतोय, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा २००४ चा. ठाण्याहून घणसोलीला जाताना ट्रेनमध्ये बसायला मिळालं की मस्त खेळून होतं. आठही बॅज झालेत, पण माझ्या टीममधला चारिझार्ड लेव्हल ५४ ला आणि जोल्टिऑन, स्नोरलॅक्स वगैरे बाकीचे ३८-४० ला अडकलेत. शेवटच्या एलिट फोर ट्रेनर्सपैकी पहिली लोरेलाय, तिचा लॅप्रस ५४ चा, शेवटी रायव्हलचा ब्लास्टॉइज तर ६३ चा, आणि पाण्याच्या पोकेमॉनपुढे आगीचा चारिझार्ड काय टिकणार, म्हणून विजेचा जोल्टिऑन तयार पाहिजेच.

सध्या कमजोर पोकेमॉन पुढे ठेवून पहिल्याच टर्नला बदलतो, पण मग एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) दोघांत अर्धा अर्धा वाटला जातो आणि चारिझार्डच अजून वर सरकतो. एक्सप शेअर (पोकेमॉनला धरायला द्यायची वस्तू) आहे, रूट १५ वर ५० जाती पकडून दाखवल्यावर मिळतो तो, पण तो धरणाऱ्या एकालाच अर्धा एक्सपी देतो, बाकीचे चौघं तसेच.

मग चारिझार्ड सरळ टीममधून काढून बॉक्समध्ये टाकू का? आणि व्हीएस सीकरने जुन्या ट्रेनर्सशी परत लढायचं तर किंडल रोड बरा की व्हिक्टरी रोडलाच फिरत बसू? एकाच्याच भरवशावर न राहता सहाही जण घेऊन जिंकायचंय मला. कोणी असं केलं असेल तर कुठल्या क्रमाने वाढवले ते नीट सांगा ना प्लीज.