इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समध्ये पायी फिरायचंय : महिना कुठला, आणि लोकांच्या शेतातून गेलं तर चालतं का?

टिळकवाडी_पायवाट
दोघंजण, पन्नाशीतले. बेळगावजवळच्या राजहंसगड, जांबोटीकडच्या चालण्याची सवय आहे. दहा दिवस हातात आहेत. नकाशावरच्या वाटा सरळ शेतांतून जाताना दिसतात. मालक हटकत नाहीत? आणि पावसाला इथलाच रेनकोट पुरेल का?

पाणंदवाला_खानापूर
हटकत नाहीत. पब्लिक फुटपाथ म्हणजे आपली पाणंदच समजा; जमीन शेतकऱ्याची, चालायचा हक्क सगळ्यांचा. वाट शेताच्या मधून असेल तर पेरल्यावरही पिकातून किमान १ मीटर रुंद वाट मोकळी ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पण हक्क त्या वाटेपुरताच, म्हणून बांधाबांधानं वळसा घालायला जाऊ नका.

ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० चा, म्हणजे ४ सेंमीला १ किमी. डेल्सच्या उत्तर भागाला ओएल ३० नंबरचा, दक्षिणेला ओएल २. हिरव्या तुटक रेघा हक्काच्या वाटा. काळ्या तुटक रेघेची वाट जमिनीवर असते, हक्क असेलच असं नाही. नवखे नेमके इथंच फसतात. खांबावर पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात.

शेतांमधल्या गडग्यांवर, म्हणजे नुसत्या रचलेल्या दगडी भिंतींवर, मात्र चढू नका. चुना-सिमेंट काही नसतं त्यात. दोन्ही बाजूंचे दगड आत कललेले, पोटात बारीक खडी, मध्ये आरपार जाणारे लांब दगड आणि वर उभ्या दगडांची ओळ. त्या ओळीच्या वजनावरच खालचं सगळं दाबून बसलेलं असतं. वरचा दगड पडला की भिंत फुगायला लागते. ओलांडायला ठरलेल्या जागी फट असते, खाली अरुंद, वर रुंद. माणसाचा पाय जातो, मेंढी अडते.

निपाणीकर
महिना जून, तोही दुसरा पंधरवडा. स्वेलडेल खोऱ्यातल्या म्यूकर गावाभोवतीची गवताची कुरणं तेव्हा फुलांनी भरलेली असतात. जुलैच्या मध्यापासून कापणी सुरू झाली की संपलं. ब्लूबेलची निळी फुलं बघायची तर एप्रिल-मे, माळावरचं हेदरचं जांभळं झुडूप ऑगस्टमध्ये. सगळं एकाच फेरीत मिळत नाही बघा. कुरणातून एकामागं एकच चाला. तुडवलेलं गवत आडवं पडलं की यंत्राला नीट कापता येत नाही, आणि तोच जनावरांचा हिवाळ्यातला चारा.

वेळेचा हिशोब : ५ किमीला तास, शिवाय ३०० मीटर चढाला अर्धा तास. १५ किमी आणि ६०० मीटर चढ म्हणजे नुसतं चालणंच ४ तास. पन्नाशीत ६ धरा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतोय, घाई नको.

कणकुंबीचा_पाऊस
आपल्याकडचा पाऊस बघितलेल्याला तिथला शिंतोडाच वाटेल. त्रास वाऱ्याचा आणि गारठ्याचा. जीन्स अजिबात नको. भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. प्लॅस्टिकच्या रेनकोटात घाम कोंडून आतूनच भिजायला होतंय. हवा खेळणारं जॅकेट आणि वरून घालायची वॉटरप्रूफ पँट घ्या.

वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून कधीच जाऊ नका. तेवढ्यापुरती वाट सोडून लांबून वळलं तरी चालतं. फाटक जसं मिळालं तसंच ठेवायचं; उघडं असेल तर उघडंच, कारण पलीकडं जनावरांचं पाणी असू शकतं.

टिळकवाडी_पायवाट
ओएल ३० मागवतो. त्या फटीतून पाठीवरची सॅक जाते का?

पाणंदवाला_खानापूर
मोठी असली तर अडकते. आधी काढून गडग्यापलीकडं खाली टेकवा, मग तुम्ही या. वरच्या दगडांवर ठेवू नका.