गप्पीच्या पोटात नेमकं काय चालतं?

गच्चीवाली: डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडलेत. एक मादी बरणीत वेगळी ठेवली. नर नाही, तरी महिन्याने परत पिल्लं! कसं काय? आणि याला गर्भारपण म्हणायचं का? बीएस्सी झालंय, जनुकं सांगितलीत तरी घाबरणार नाही.

शेवाळ: मादी नराचं वीर्य अंडाशयात महिनोन्‌महिने जपून ठेवते. एका भेटीवर अनेक विणी.

काळा_मोली: गर्भारपणच, पण गर्भाशयाशिवाय. अंडं अंडाशयातल्या पुटकातच (अंड्याभोवतीच्या पिशवीत) फळतं आणि पिल्लू जन्मापर्यंत तिथेच वाढतं. गप्पीचं बहुतेक बलकावर भागतं. ते बलक व्हायटेलोजेनिनपासून बनतं. हे प्रथिन इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर यकृतात तयार होऊन रक्तातून अंडाशयात येतं.

खरी गंमत मेक्सिकोतल्या झेनोटोका माशाची. तिथे पिल्लू अंडाशयाच्या पोकळीत वाढतं आणि गुदद्वाराजवळ फुटलेल्या फितींनी आईकडून अन्न शोषतं. तिथेही आई व्हायटेलोजेनिनच पुरवते, हे 2019मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. अंडी घालणाऱ्यांचं जुनंच जनुक! गप्पीच्याच कुळातले पोसिलिओप्सिस मासे तर आणखी पुढे: काही जातींत चक्क वार (प्लॅसेंटा) आहे, आणि त्यांच्यात वाढीचं आयजीएफ-2 जनुक नैसर्गिक निवडीने भराभर बदललंय. आईने किती द्यायचं आणि पोराने किती ओढायचं, यावरची रस्सीखेच, असं मानतात. मला पटतं.

गच्चीवाली: भारी! पण ही बया पोटची पोरं गिळतेय, त्याचं काय?

शेवाळ: बरणीत भरपूर पाणवनस्पती टाका. किंवा तिलाच उचला, लगेच.