शिस्त आणि चाबूक
कुणीतरी म्हटलंय, लष्करी राजवटीत निदान शिस्त तरी असते. नायजेरियात तोही प्रयोग होऊन गेलाय. 31 डिसेंबर 1983 ला बंड झालं, जनरल बुहारी सत्तेवर आले आणि त्यांनी थेट बेशिस्तीविरुद्ध युद्धच पुकारलं. बसथांब्यावर रांग मोडली की सैनिकाचा चाबूक. कचेरीत उशिरा पोचलेल्या बाबूला सगळ्यांदेखत बेडूकउड्या! खुद्द फौजेतली शिस्त मात्र वीस महिनेच टिकली. ऑगस्ट 1985 मध्ये त्यांच्याच लष्करप्रमुखाने, बाबंगिडांनी, त्यांना उचलून कैदेत टाकलं. याच बाबंगिडांनी पुढे जून 1993 ची बऱ्यापैकी स्वच्छ झालेली निवडणूक रद्द केली, आणि त्याच वर्षी जनरल अबाचा हे लष्करशहा सत्तेवर आले. त्यांच्यापुढे बुहारी मवाळच म्हणायचे. 2015 मध्ये लोकांनी याच बुहारींना मतं देऊन परत आणलं, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.